दाबलेला नव्हे, ठेवलेला

पुलाच्या मध्यावर बाहुलं डावीकडे कललं आणि पाण्यात पडलं.

या घटनेची नोंद गांभीर्याने घ्यावी लागते, कारण बाहुलं एका निवृत्त आरेखकाचं होतं. सरळ रेषा ओढण्यासाठी या माणसाने जन्मभर पगार घेतला. घरांचे, गटारांचे, शाळांचे नकाशे त्याच्या हाताखालून गेले, आणि त्यातली एकही रेष कधी तिरकी निघाली नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं. आताही त्याने कंट्रोलरची दांडी अगदी नाकासमोर ढकलली होती. बाहुलं थोडं सरळ गेलं, मग समोरून नको तो माणूस येताना दिसावा तसं अंग चोरत डावीकडे सरकलं, आणि बुडालं. पडद्यावर अक्षरं आली, 'काळजी करू नका. पुन्हा प्रयत्न करा.' बाहुलं किनाऱ्यावर परत उभं राहिलं. कोरडं ठणठणीत.

पुलापलीकडे त्याच्या मुलीचं घर होतं.

खरं घर नव्हे. खरं घर चौकापलीकडे होतं, आरेखकाच्या खिडकीतून त्याचे पडदे दिसत. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. एकदा जेवताना तिने स्वयंपाकघरातल्या फळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, फळी डावीकडे उतरलीय."

फळी आरेखकाने स्वतः ठोकली होती.

"फळी सरळ आहे. तुझी नजर तिरकी आहे."

"माझी? मी नजरच तपासते, बाबा."

"मग आधी स्वतःची तपास."

शब्दाने शब्द वाढला. शेवटी आरेखक म्हणाला, की ज्याला या घरातली फळी तिरकी दिसते त्याने या घराची पायरी चढू नये. मुलगी डावखुरी, हट्टी, आणि थेट त्याच्यावर गेलेली. ती पायरी उतरली ती पुन्हा चढली नाही.

मध्यस्थी आईने केली. मुलगी संध्याकाळी 'आपलं बेट' नावाचा खेळ खेळायची. त्यात प्रत्येकाला एक बेट मिळतं, बेटावर घर बांधता येतं आणि शेजारच्या बेटाला पूल जोडता येतो. तिने आईजवळ निरोप दिला, "बाबांना सांग, आधी त्यांनी माझी पायरी चढावी. बेटावरची. मग मी त्यांची चढते." आरेखकाला हा प्रस्ताव पसंत पडला, कारण त्यात फळीचा उल्लेख नव्हता. फळीबद्दल चकार शब्द न काढता मुलगी परत मिळत असेल तर पाण्यात पडायलाही त्याची ना नव्हती. फक्त महिनाअखेरीला खेळाची नवी आवृत्ती येणार होती आणि तिच्यात पूल नव्हते. खेळाडूंना एकमेकांकडे जाण्यात विशेष रस नसल्याचं कंपनीला पाहणीत आढळलं होतं.

"चौक ओलांडून जा की," बायको म्हणाली. "हिरवा दिवा लागला की झालं."

"मी आधी गेलो तर त्याचा अर्थ काय होतो?"

"मुलीकडे गेलात असा होतो."

"फळी तिरकी आहे असा होतो," आरेखक म्हणाला, आणि त्याने दांडी पुढे ढकलली.

*

पुन्हा किनाऱ्यावर.

कंपनीच्या समाधान कक्षाचा फोन बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एका सहायकाने उचलला.

"नमस्कार. आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. बाहुलं चालतं का?"

"चालतं, पण—"

"चालतं. तशी नोंद करतो."

"अहो, डावीकडे चालतं!"

"म्हणजे चालतंच. नोंद बरोबर आहे. कंट्रोलर बंद करून चालू केलात?"

"केला."

"टीव्ही?"

"तोही केला."

"आणि तुम्ही स्वतः?"

"मी काय?"

"उठून, जरा फिरून, पुन्हा बसलात का? बऱ्याच वेळा दोष बसण्यात असतो."

आरेखक उठला, फिरला, बसला. बाहुलं पडलं.

"बरं, घरात कोणी डावखुरं आहे का?"

"मुलगी होती. आता इथे राहत नाही."

"किती वर्षं होती त्या घरात?"

"जन्मापासून. काय प्रश्न आहे हा?"

"मग परिणाम राहतो, काका," सहायक हळहळून म्हणाला. "एकदम जात नाही."

आतून बायकोचा आवाज आला, "मला विचारा ना, या घरात कोण कुठे कलतं ते!"

"मागे कोण बोललं?" सहायकाने विचारलं.

"कोणी नाही," आरेखक म्हणाला. "टीव्ही."

*

वाचकासाठी सूचना. इथवर मजकूर एका बाजूला सरकल्यासारखा वाटत असल्यास पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरावं. एका हाताने धरलेल्या पुस्तकाची जबाबदारी घेता येणार नाही. ज्यांचा दुसरा हात कामात आहे, त्यांनी ते काम कोणाकडे तरी सोपवून यावं. घरात कोणी ना कोणी असतंच.

*

पुन्हा किनाऱ्यावर.

सहायकाने सांगितलेला पुढचा उपाय म्हणजे टीव्ही डावीकडून उचलून धरणे. बाहुलं उतार पाहून घसरतं, तर उतारच उलटा करावा, असं त्यामागचं शास्त्र होतं. आरेखकाला ते पटलं नाही, पण ते कंपनीच्या छापील पुस्तिकेत होतं, आणि छापील गोष्टींपुढे मान तुकवण्यात त्याची हयात गेली होती. टीव्हीखाली सरकवायला काहीतरी हवं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. फळीवर साखर, चहा, मीठ यांच्या बरण्या एका रांगेत उभ्या होत्या. डावीकडच्या बरण्यांच्या तळाशी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या घड्या डोकावत होत्या.

"हा पुठ्ठा घेऊ का?"

"हात लावू नका त्याला!" बायको इतक्या जोरात म्हणाली की त्याचा हात आपोआप मागे आला.

"कशाला ठेवलाय?"

"असतो. बरण्यांखाली असतो तो."

आरेखकाचं समाधान झालं. ज्या घरात गोष्टी आपापल्या जागी असतात त्या घरात त्या तिथे का आहेत असं विचारायची पद्धत नसते. त्याने टीव्हीखाली जुन्या नकाशांची गुंडाळी सरकवली. समुद्र तिरका झाला, आकाश तिरकं झालं, पलीकडे मुलीचं घर तिरकं झालं. त्या तिरक्या समुद्रात बाहुलं डावीकडूनच पडलं, आता फक्त जरा वरून.

तेव्हा आरेखकाने कोट घातला आणि तो कंपनीच्या कचेरीत गेला. कचेरीला जाताना मुलीच्या दारावरून जावं लागतं. तो पलीकडच्या फुटपाथवरून गेला.

*

दारावर पाटी होती, 'हालचाल विभाग'. आत कोणी हलत नव्हतं. लांबलचक दालनात परीक्षक ओळीने बसले होते. दिवसभर बाहुली चालवून ती नीट चालतात असं लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. आणि समोरच्या प्रत्येक पडद्यावर प्रत्येक बाहुलं पुलावरून सुतासारखं सरळ चाललं होतं. आरेखक एका पडद्याजवळ सरकला. इतका सुंदर सरळपणा त्याने कागदाबाहेर कधी पाहिला नव्हता.

"बघा," हालचालप्रमुख म्हणाले. ते स्वतःच्या खुर्चीतून न उठता, खुर्ची आणि हातातल्या कंट्रोलरसकट आले होते. "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे. म्हणजे दोष तुमच्याकडे. हे साधं गणित आहे."

आरेखक वाकला. त्याने पडदे सोडले आणि हात पाहिले. दालनातला प्रत्येक अंगठा दांडीवर उजवीकडे रेललेला होता. काहींना घट्टे पडले होते. एका ज्येष्ठ परीक्षकाचा अंगठा तर मुळातच तसा उगवला असावा इतका उजवीकडे वळला होता.

"तुमचा अंगठा उजवीकडे दाबलेला आहे," आरेखक म्हणाला.

हालचालप्रमुखांनी आपल्या अंगठ्याकडे दूरच्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहिलं.

"दाबलेला नाही. ठेवलेला आहे."

"फरक काय?"

"दाबलेला म्हणजे मुद्दाम. ठेवलेला म्हणजे अनुभव."

"उचलून दाखवा."

"उचलला तर डावीकडे जाईल."

"अहो, मी तेच सांगतोय!"

"तुम्हीच उचलायला सांगायचं आणि तुम्हीच गेलं म्हणून ओरडायचं?" हालचालप्रमुख दुखावले गेले. "हे पाहा, नव्याने नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला वाटतं, की बाहुलं डावीकडे जातंय. काही दिवस वाटतं. मग वाटायचं थांबतं. ज्या दिवशी थांबतं त्या दिवशी आम्ही त्याला कायम करतो."

"आणि ज्यांचं थांबत नाही?"

"त्यांच्यासाठी बाहेर बरीच चांगली क्षेत्रं आहेत."

शेजारच्या खुर्चीतल्या एका परीक्षक बाईंनी मान न वळवता विचारलं, "काका, तुम्हाला पूल ओलांडायचाय की बरोबर ठरायचंय?"

आरेखकाने ताठ मानेने सांगितलं, की त्याला दोन्ही करायचं आहे. दालनात पहिल्यांदाच हालचाल झाली. सगळे हसले.

*

त्याला 'सरळ चालण्याच्या वर्गात' प्रवेश मिळाला. वर्ग मोफत होता, कारण कंपनीच्या हिशेबी हा दोष विद्यार्थ्यांचा आणि उपकार कंपनीचा. शिकवणाऱ्या बाई 'उजवीकडे' हा शब्द वापरत नसत. त्या म्हणत, "अंगठ्याला विश्वास द्या." आरेखकाच्या अंगठ्याला विश्वास द्यायला वेळ लागला. पण एके दिवशी बाहुलं सरावाच्या पुलावरून टोकापर्यंत सरळ गेलं, आणि तो डोळे पुसत घरी आला.

त्यानंतर त्याची चाल बदलली. खालच्या मजल्यावरचा शिंपी तक्रार घेऊन आला, की त्याचंही बाहुलं डावीकडे जातं. आरेखकाने त्याला खुर्ची दिली आणि म्हणाला, "सुरुवातीला मलाही तसं वाटायचं."

"वाटायचं? जातंय ना साहेब, उघड्या डोळ्यांनी दिसतंय."

"डोळ्यांवर जाऊ नका. कंपनी एवढी मोठी, माणसं एवढी शिकलेली, त्यांना दिसत नाही आणि तुम्हाला दिसतं?"

शिंप्याने अंगठा ठेवायला शिकून घेतलं. जाताना पाया पडला. आरेखकाने त्याला आशीर्वाद दिला आणि रात्री जेवताना बायकोला ऐकवलं, "लोकांना स्वतःचा दोष दिसत नाही. यंत्राला नावं ठेवायला सगळे पुढे."

"हो ना," बायको म्हणाली. मिठाची बरणी फळीवर ठेवताना तिने पुठ्ठ्याची घडी बोटाने आत सरकवली.

*

महिनाअखेरची संध्याकाळ. उद्या पूल जाणार. आरेखक अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसला. बायको मागे उभी राहिली, हात ओले, तिने ते पुसलेसुद्धा नाहीत.

पुलापलीकडे मुलीचं बाहुलं दारात आलं होतं. पडद्यावर तिने लिहिलेलं उमटलं, 'या बाबा. सावकाश.'

आरेखकाने अंगठा ठेवला. बाहुलं निघालं. मध्य आला. मध्य गेला. कललं नाही. पूल संपला, छोटी वाट लागली, वाटेच्या दोन्ही बाजूंना पाणी, पुढे पायरी. दगडी, एकच. तिच्यावर मुलीने कुठूनतरी आणून बाबांचा आवडता हिरवा रंग दिला होता. बायको पुटपुटली, "चढा, चढा, चढा." बाहुल्याने पाय उचलला आणि पायरीवर ठेव

*

पुन्हा किनाऱ्यावर.

'सन्माननीय खेळाडूंनो, आपल्यापैकी एका ज्येष्ठ नागरिकाने केलेल्या तक्रारीची दखल घेऊन चालीतील दोष आत्ता या क्षणी दूर करण्यात आला आहे. यापुढे बाहुले सरळ चालेल. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

ही माफी आरेखकाने किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोरड्या बाहुल्याच्या डोक्यावर वाचली. बाहुलं उजवीकडून पडलं होतं. त्या क्षणी सगळीकडचीच बाहुली उजवीकडून पडली. खालच्या मजल्यावरून शिंप्याची किंकाळी ऐकू आली.

पडद्यावर मुलीची अक्षरं उमटली. 'आता उजवीकडे? यायचं नसेल तर तसं सरळ सांगा ना, बाबा.'

आरेखकाने फोन उचलला. या वेळी संगीत वाजलं नाही.

"बाहुलं उजवीकडे जातंय!"

"नाही काका, सरळ जातंय. अंगठा ठेवलाय का?"

"अर्थात ठेवलाय!"

"उचला."

"उचलता येत नाही! मी शिकलोय! दोष परत आणा, आत्ताच्या आत्ता. माझी मुलगी दारात उभी आहे."

मागणी त्याची एकट्याची नव्हती. सगळ्या सरळ माणसांनी मिळून असा गदारोळ केला, की कंपनीला आपली चूक उमगली. दुसऱ्या दिवशी निवेदन आलं, 'लोकाग्रहास्तव दोष पूर्ववत करण्यात आला आहे. यापुढे त्यास दोष म्हणता येणार नाही.' त्याच निवेदनाच्या खाली नवी आवृत्ती सुरू झाल्याची आनंदवार्ता होती. आरेखकाचं बाहुलं पुन्हा सुतासारखं सरळ चालू लागलं. बेटाच्या कडेपर्यंत गेलं आणि थांबलं. पुढे पूल नव्हता.

बायकोने ते पाहिलं. ती आत गेली आणि बाहेर आली ती पांढऱ्या पुठ्ठ्याच्या घड्या घेऊन. त्या तिने त्याच्या मांडीवर ठेवल्या.

"हे काय?"

"पुठ्ठा. बरण्यांखालचा."

"पण हा होता कशाला?"

"फळी सरळ होती ना, म्हणून."

आरेखकाने एक घडी उलगडली.

"ठोकलीत त्या दिवसापासून आहे. मुद्दाम पांढरा घ्यायचे, भिंतीत मिसळून जातो. भिजला की बदलायचा. तुम्ही कोणाला काय बोलून यायचात, ते मी जाऊन निस्तरायचे. त्यालाही असाच कुठेतरी पुठ्ठा लावायचा. पोरीने एकदा खरं सांगितलं तर तीच घराबाहेर गेली, आणि मी पुठ्ठा बदलत बसले. माझंही चुकलंच."

"म्हणजे इतकी वर्षं तू दाबून..."

"दाबून नाही हो," बायको चपला घालत म्हणाली. "ठेवून."

"कुठे निघालीस?"

"चौक ओलांडायला."

"येशील कधी?"

"फळी सरळच आहे ना? मग तुम्हाला कसली काळजी?"

दार लागलं. आत स्वयंपाकघरात आधी काही झालं नाही. मग मिठाची बरणी जराशी घसरली, समोरून नको तो माणूस येताना दिसावा तशी, अंग चोरत. तिच्यामागे चहा. मग साखर. मग एकामागून एक आवाज आले आणि शांत झाले.

आरेखक खिडकीशी गेला. हिरवा दिवा लागला, बायको चौकातून सरळ पलीकडे गेली, पायरी चढली, आणि दार तिने वाजवण्याआधीच उघडलं. थोड्या वेळाने पडद्यांच्या फटीतून ती खुर्चीवर बसलेली दिसली. तिच्या हातात काहीच नव्हतं. बायकोचे रिकामे हात त्याने आजवर पाहिले नव्हते, म्हणून ही तीच बाई आहे हे ओळखायला त्याला एक क्षण लागला.

टीव्हीवर अक्षरं उमटली. 'आई पोचली. पडली नाही.'

*

तो गेला असता. चप्पल त्याने पायात घातलीही होती. पण दारात त्याच्या मनात आलं, आत्ता गेलं तर त्याचा अर्थ काय होईल. तो परत फिरला.

त्या आठवड्यात घर हळूहळू डावीकडे गेलं. औषधं ताटाशेजारी यायची थांबली. नळवाला दारातूनच म्हणाला, "बाई नाहीत? मग नंतर येतो. तुमच्याशी बोलायचं असलं की त्या मला आधी समजावून ठेवतात." शिंप्याने सदरा शिवून द्यायला नकार दिला. त्याच्याशी आरेखक मागे कधी काय बोलला होता, ते शिंप्याला आत्ता आठवलं. आजवर फोनवर बायकोकडून 'ते झोपलेत' असं ऐकणाऱ्या नातेवाइकांना तो आता चक्क जागा सापडू लागला, आणि त्यांनी फोन करणं बंद केलं.

शेवटी त्याने त्याच्या माहितीत दुरुस्तीचं काम करणारी जी एकमेव जागा होती तिथे फोन लावला.

"नमस्कार. आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत."

"घर डावीकडे जातंय," आरेखक म्हणाला.

 छापील पुस्तिकेत नसलेल्या आवाजात सहायकाने विचारलं, "काका, आधी कोणी अंगठा ठेवत होतं का तिथे?"

"समजा, होतं."

"मग त्यांना घेऊन या की."

"आणायला गेलो तर त्याचा अर्थ काय होतो?"

"ते आमच्या विभागात येत नाही," सहायक म्हणाला, आणि संगीत सुरू झालं.

*

वाचकासाठी शेवटची सूचना. आरेखकाला हसून झालं असल्यास आपल्या घराकडे एक नजर टाकावी. ते सरळ चाललं आहे का? अभिनंदन. आपण सूचनेप्रमाणे हे पुस्तक अजून दोन्ही हातांनी घट्ट धरलं आहे. म्हणजे घरावर ठेवलेला अंगठा आपला नाही.

आत्ता आतून बरणी सरकवल्याचा आवाज आला. उठू नका. कोणीतरी बघतंय ते.